पुणे ते सिंगापूर : अंतर, वेळ आणि घड्याळ



चिंचवड, पिंपरी, भोसरी येथपासून थेट चाकणपर्यंतच्या आपल्या या भागात असे घर क्वचितच सापडेल, की ज्याच्या नात्यागोत्यातील एकही माणूस कारखान्यात कामाला नाही. कारखान्याच्या निमित्ताने परदेशी जाणे, हीही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणाचे वडील नवे यंत्र समजून घेण्यासाठी जातात, तर कोणाचा भाऊ आपल्या येथे तयार झालेला माल दाखविण्यासाठी जातो. जाणारा मनुष्य विमानात बसून निश्चिंत होतो. घरी राहिलेल्यांचे डोळे मात्र घड्याळाकडे लागलेले असतात. ज्यांना असे घड्याळ पाहत बसावे लागते, त्यांच्यासाठीच आजचा हा पाठ आहे.

गतवर्षी आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील चाकणच्या एका कारखान्याकडून तीन आठवड्यांसाठी सिंगापूरला गेले होते. परतण्याच्या दिवशी त्यांनी आपल्या तिकिटाचे चित्र फोनवरून घरी पाठविले. त्यावर एवढेच होते : सिंगापूर १२.००, पुणे १५.१०. घरी आई आणि आजी. भूगोलात मुलाला चांगले गुण मिळतात हे दोघींना ठाऊक असल्यामुळे वेळ काढण्याचे काम त्यांनी त्याच्यावर सोपविले. त्याने विचार केला : सिंगापूर आपल्या पूर्वेस आहे, तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, तेव्हा १५.१० मधून अडीच तास वजा केले की आपले १२.४० होतात. त्याने आजीला सांगितले, “पाऊण वाजायच्या आत पप्पा लोहगावला उतरतील.”

एक वाजला, फोन आला नाही. आईने फोन लावून पाहिला, तो बंद. दीड वाजला, दोन वाजले. आईने पुन्हा पुन्हा फोन लावला आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर ऐकले. अडीच वाजता आजींनी वाढलेले ताट झाकून ठेवले आणि त्या प्रार्थनेस बसल्या. मुलगा खिडकीशी उभा राहून आकाशाकडे पाहत होता. अखेर तीन वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. विमान वेळेवर उतरले होते. त्याला एका मिनिटाचाही उशीर झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, “सर, मी वजाबाकी बरोबर केली होती.” ते खरे होते. वजाबाकी बरोबर होती. परंतु ती करावयाचीच नव्हती. आम्हांस मनापासून वाईट वाटले, कारण पूर्वेकडील घड्याळ पुढे असते हा नियम आम्हीच त्याला शिकविला होता, त्यावर दहा उदाहरणेही सोडवून घेतली होती. पण तिकिटावर छापलेली वेळ कोणत्या घड्याळाची असते, हे मात्र आम्ही कधीच सांगितले नव्हते. ती उणीव येथे भरून काढू या.

या विषयात तीन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो. पहिली म्हणजे दोन गावांमधील अंतर. दुसरी म्हणजे ते तोडण्यास विमानाला लागणारा काळ. तिसरी म्हणजे दोन्ही गावांच्या घड्याळांतील फरक. या एकेक करून पाहू.

अंतर

पुण्याचा विमानतळ लोहगाव येथे आहे, आणि सिंगापूरचा विमानतळ त्या बेटाच्या पूर्व टोकाशी चांगी येथे आहे. पुण्याहून सिंगापूरला २ डिसेंबर २०२२ रोजी थेट विमान सुरू झाले. विमानांची वेळापत्रके बदलत राहतात. एखादी सेवा चालू होते, एखादी बंद पडते. ही दोन गावे जेथे आहेत तेथेच राहतात. म्हणून आरंभ अंतरापासूनच करावा.

शाळेतील पृथ्वीगोल घ्या. समजा, त्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. मग त्याचा परीघ सुमारे ९४.२ सेंटिमीटर झाला. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तेव्हा गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे ४२५ किलोमीटर. आता एक दोरा पुण्यावर धरा आणि ताणून सिंगापूरपर्यंत न्या. तो ९ सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. नवास ४२५ ने गुणले असता ३,८२५ किलोमीटर येतात. ताणलेला दोरा गोलावर आपोआप जो मार्ग धरतो, त्यास बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. गोलाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या छेदाने जे वर्तुळ पृष्ठभागावर उमटते, त्याचाच हा एक भाग असतो, आणि दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट हीच होय. या वाटेवर दोरा आन्ध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरतो, निकोबार बेटांवरून जातो आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून सिंगापूरला पोहोचतो.

ज्यांच्याजवळ पृथ्वीगोल नाही, त्यांनी गणित करावे. नवव्या इयत्तेतील विद्यार्थ्यास ते सहज जमेल. पुण्याचा विमानतळ १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, सिंगापूरचा १.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०४.० अंश पूर्व रेखांशावर. अक्षांशांतील फरक १७.२ अंश. दक्षिणोत्तर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,९०० किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ३०.१ अंश. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जात असल्यामुळे रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सर्वत्र सारखे नसते. आपल्या दोन गावांच्या मधोमध, म्हणजे दहाव्या अक्षांशाजवळ, ते सुमारे १०९.६ किलोमीटर भरते. त्यावरून पूर्वपश्चिम अंतर सुमारे ३,३०० किलोमीटर झाले.

आता काटकोन त्रिकोण काढा. त्याची एक बाजू १,९०० आणि दुसरी ३,३००. पायथागोरसच्या सिद्धान्ताने कर्णाचा वर्ग १,४५,००,००० होतो आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३,८०८ येते. वरच्या इयत्तांतील त्रिकोणमितीने पृथ्वीचा गोलपणा हिशेबात धरून हेच काढले, तर उत्तर ३,८०० किलोमीटरांच्या अगदी जवळ येते. दोरा, त्रिकोण आणि त्रिकोणमिती या तिन्ही साक्षीदारांचे म्हणणे जवळजवळ एकच पडले. म्हणून आपण ३,८०० किलोमीटर हे अंतर निःशंकपणे धरून चालू.

येथे एक सावधगिरीची सूचना. ही त्रिकोणाची रीत विषुववृत्ताजवळच्या आणि फार लांब नसलेल्या प्रवासास चालते. दिल्लीहून टोकियोला जावयाचे असेल तर भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा ही सर्वांत जवळची वाट नव्हे. पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा त्या रेषेच्या उत्तरेकडून जातो. अशा ठिकाणी नकाशापेक्षा दोऱ्यावर विश्वास ठेवावा.

उड्डाणाचा काळ

आजचे प्रवासी जेट विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर गेले म्हणजे ताशी साधारणपणे ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. आपण ८४० धरू. ३,८०० भागिले ८४० केले असता सुमारे साडेचार तास येतात. परंतु वेळापत्रकात तर साडेपाच तासांच्या आसपास काळ दिलेला आढळतो. मग हा एक तास कोठे गेला?

तो कोठेही हरवलेला नाही. वेळापत्रकातील काळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्यात काही मिनिटे जातात. वर चढताना व खाली उतरताना वेग पुष्कळ कमी असतो. शिवाय आकाशातही ठरलेल्या वाटा असतात. लष्कराने राखून ठेवलेले प्रदेश आणि वादळी ढग टाळून जावे लागते. म्हणून विमानाचा खरा मार्ग दोऱ्याच्या मार्गाहून थोडा लांब होतो. या साऱ्यांसाठी मध्यम लांबीच्या प्रवासात सुमारे एक तास अधिक धरावा, म्हणजे उत्तर वेळापत्रकाशी जुळते.

दुसरी बाब वाऱ्याची. आपण दोऱ्याने मोजलेले अंतर जमिनीवरचे. विमान मात्र हवेतून जाते आणि ती हवा स्वतः वाहत असते. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ८४० किलोमीटर आहे आणि मागून ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा आहे. तर जमिनीवरून पाहता ते ताशी ८८० किलोमीटर जाईल आणि ३,८०० किलोमीटरांस ४ तास १९ मिनिटे लागतील. तोच वारा समोरून असेल तर वेग ८०० होऊन ४ तास ४५ मिनिटे लागतील. अंतर तेच, विमान तेच. तरी सव्वीस मिनिटांचा फरक पडला. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा काळ अगदी सारखा नसतो, आणि त्यात आश्चर्य मानू नये.

आपल्या देशावरील उंच आकाशातले वारे ऋतूनुसार बदलतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारा वाहतो. पावसाळ्याच्या महिन्यांत दक्षिण भारतावरून त्याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे, तसाच एक प्रवाह असतो. जपानवर हिवाळ्यातील पश्चिमी वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरांहूनही पुष्कळ अधिक असतो. त्यामुळेच दिल्लीहून टोकियोला जाण्यास जो काळ लागतो, त्याहून परतण्यास हिवाळ्यात दीड-दोन तास अधिक लागतात. ज्यांच्या घरचे कोणी चाकणच्या जपानी कारखान्याकडून त्या देशी जाते, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

या वेगाचे मोल कळावे म्हणून मागे वळून पाहू. ज्या टाटा उद्योगसमूहाचा मोटारीचा मोठा कारखाना आपल्या पिंपरीस आहे, त्याचे पुढे अनेक वर्षे प्रमुख राहिलेले जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. ‘पस मॉथ’ नावाचे एका इंजिनाचे छोटे विमान ते स्वतः चालवीत होते. त्याचा वेग ताशी सुमारे शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० आणि तेथून मुंबई सुमारे ४४० असे एकूण १,०३० किलोमीटर अंतर होते. सकाळी निघालेले हे विमान दुपारी जुहूला उतरले. १,०३० ला १६० ने भागून पाहा : साधारण साडेसहा तास येतात, त्यात अहमदाबादेतील मुक्काम मिळविला की सकाळ जाऊन दुपार होते. नव्वदाहून अधिक वर्षांपूर्वीच्या उड्डाणासही आपले साधे गणित लागू पडते. त्याच विमानाने मध्ये न थांबता सिंगापूर गाठता आले असते असे क्षणभर कल्पिले, तरी ३,८०० किलोमीटरांस जवळजवळ चोवीस तास लागले असते.

घड्याळांतील फरक

आता तिसरी गोष्ट. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका तासात १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश. आपल्यात आणि सिंगापुरात ३० अंशांचा फरक आहे. तेव्हा तेथे सूर्य आपल्या आधी दोन तास माथ्यावर येतो. मग घड्याळांतील फरक दोन तास न होता अडीच तास का?

याचे कारण असे, की घड्याळ सूर्याप्रमाणे लावलेले नसून सरकारने ठरविलेल्या प्रमाणवेळेप्रमाणे लावलेले असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते, आणि तेथील वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते. आपण त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस आठ-नऊ अंश आहोत. त्यामुळे चिंचवडला सूर्य सरासरीने दुपारी १२ वाजता नव्हे, तर १२ वाजून ३५ मिनिटांनी मध्यावर येतो. पूर्वी ही अडचण मुंबईकरांस फार वाटत असे. १९०६ मध्ये देशास प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईत तिच्या ३९ मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता. एकाच शहरात दोन वेळा! आज आपल्याला याचे हसू येते. पण गाडी चुकलेल्या माणसास तेव्हा हसू आले नसेल.

सिंगापूरचीही अशीच कथा आहे. तेथील घड्याळ १९८१ च्या अखेरीपर्यंत ग्रिनिचच्या साडेसात तास पुढे, म्हणजे आपल्या दोन तास पुढे होते. सूर्याच्या हिशेबानेही फरक दोनच तासांचा, म्हणून तेव्हा दोन्ही जुळत होते. शेजारच्या मलेशियाशी मेळ राहावा म्हणून १ जानेवारी १९८२ पासून ते आणखी अर्धा तास पुढे करण्यात आले. तेव्हापासून सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. तात्पर्य, घड्याळांतील फरक केवळ रेखांशावरून काढता येत नाही. तो त्या त्या देशाच्या निर्णयावर अवलंबून असतो आणि माहीत करून घ्यावा लागतो.

तिकीट कसे वाचावे

आता मुख्य नियम सांगतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : *तिकिटावर सुटण्याची वेळ ज्या गावाहून विमान सुटते त्या गावच्या घड्याळाची, आणि पोहोचण्याची वेळ ज्या गावी ते उतरते त्या गावच्या घड्याळाची असते.* म्हणून पुण्यास उतरण्याची वेळ १५.१० लिहिली असेल, तर ते पुण्याचेच तीन वाजून दहा मिनिटे. आपल्या भिंतीवरचे घड्याळ पाहावे. त्यात काही मिळवावयाचे नाही आणि त्यातून काही वजाही करावयाचे नाही.

फरक विचारात घ्यावा लागतो तो केवळ उड्डाणाचा काळ काढावयाचा असेल तेव्हा. समजा, जातानाचे विमान पुण्याहून पहाटे २.०० वाजता सुटून सिंगापूरला १०.०० वाजता पोहोचले. वरवर पाहता आठ तास झाले. परंतु त्यातील अडीच तास केवळ घड्याळाच्या फरकाचे. ते वजा करता खरा काळ साडेपाच तास. परतीचे विमान १२.०० ला सुटून १५.१० ला पोहोचले. वरवर तीन तास दहा मिनिटे. त्यात अडीच तास मिळविता खरा काळ पाच तास चाळीस मिनिटे. पूर्वेकडे जाताना वजा करावे, पश्चिमेकडे येताना मिळवावे.

एखाद्यास घड्याळांतील फरकच माहीत नसेल, तर त्याच्यासाठीही एक युक्ती आहे. जाण्याचा आणि येण्याचा वरवर दिसणारा काळ यांची बेरीज करा. ८ तास आणि ३ तास १० मिनिटे मिळून ११ तास १० मिनिटे. याची निम्मे ५ तास ३५ मिनिटे. हाच दोन्ही बाजूंच्या प्रवासाचा सरासरी खरा काळ! असे का होते? जाताना घड्याळाचा फरक जेवढा अधिक दिसतो, तेवढाच तो येताना कमी दिसतो. बेरजेत दोन्ही एकमेकांस नाहीसे करतात.

आता पुन्हा त्या दिवशीच्या चुकीकडे वळू. कारण या पाठात सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथेच आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या हिशेबाप्रमाणे सिंगापूरला दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजता निघालेले विमान १२.४० ला लोहगावला उतरणार होते; म्हणजे प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. अंतर ३,८०० किलोमीटर. भागाकार करून पाहा : वेग ताशी १,२०० किलोमीटर येतो! इतक्या उंचीवर ध्वनीचा वेगही ताशी सुमारे १,०६० किलोमीटरच असतो. आज कोणतेही प्रवासी विमान ध्वनीहून वेगाने जात नाही. हा एक भागाकार त्या मुलाने केला असता, तर आपले उत्तर अशक्य आहे हे त्याला तत्काळ कळले असते, आणि आजींचे ताट तसेच राहिले नसते.

मित्रहो, घड्याळ माणसांनी ठरविलेले आहे. ते पुढे-मागे करता येते. अंतर मात्र कोणाच्या आज्ञेने अर्धा तास पुढे सरकत नाही. म्हणून वेळेविषयी शंका आली की अंतरास साक्षीला बोलवावे. अंतर भागिले काळ करून ताशी ६०० ते ८५० किलोमीटर एवढा सरासरी वेग आला, तर हिशेब बहुधा बरोबर आहे. त्याहून फार अधिक आला, तर कोठेतरी दोन घड्याळांची गल्लत झाली आहे. फार कमी आला, तर विमान बहुधा मध्ये कोठेतरी थांबते.

पालकांसाठी दोन शब्द

विमानाचा काळ आणि प्रवासाचा काळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परदेशी जाणाऱ्याने विमानतळावर सुमारे तीन तास आधी पोहोचावे असा परिपाठ आहे. चिंचवडहून लोहगाव रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. चाकणहून त्याहून थोडे अधिक. पण चाकणच्या तळेगाव चौकात वाहने अडली म्हणजे हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही, हे आपण सारेच जाणतो. चाकणजवळच विमानतळ व्हावा असा विचार पुष्कळ वर्षे चालला होता; पुढे तो मागे पडला आणि २०१६ मध्ये पुरंदरचे नाव पुढे आले. त्यामुळे घरापासून मुक्कामापर्यंतचा साडेपाच तासांचा विमानप्रवास दहा-अकरा तासांचा सहज होतो. परतताना विमान उतरल्यावरही पारपत्राची तपासणी होऊन सामान हाती येण्यास पाऊण तास किंवा एक तास लागतो. उड्डाण चालू असता प्रवाशाचा फोन बंदच असावयाचा. फोन बंद असणे ही अशुभ वार्ता नव्हे. घरातील वृद्ध माणसांस एवढे आधी समजावून सांगितले, तर कितीतरी घोर वाचेल.

अभ्यास

१. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे आणि पुण्यापासून तिचे अंतर सुमारे २,०५० किलोमीटर आहे. समजा, पुण्याहून रात्री ८.०० ला सुटलेले विमान तेथे ९.४५ ला उतरले. खरा काळ किती? सरासरी वेग किती? तो पटण्यासारखा आहे काय?

२. टोकियोचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. समजा, दिल्लीहून २०.०० ला सुटलेले विमान तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१० ला पोहोचले, आणि परतीचे विमान टोकियोहून ११.३० ला सुटून दिल्लीस त्याच दिवशी १७.४० ला उतरले. दोन्ही वेळचा खरा काळ काढा. दोहोंत एवढा फरक कशामुळे पडला असावा?

३. नाताळच्या सुटीत, २५ डिसेंबरच्या सुमारास, अंगणात एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करा आणि बारा ते सव्वा या वेळात दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजा. सर्वांत आखूड सावली किती वाजता पडली ते लिहून आणा. ती १२ वाजून ३५ मिनिटांच्या जवळपास आली, तर तुम्ही स्वतःच्या अंगणातून चिंचवडचा रेखांश मोजला असे समजा.

(उत्तरे : पहिल्या प्रश्नाचे ३ तास १५ मिनिटे, वेग ताशी सुमारे ६३० किलोमीटर, म्हणजे पटण्यासारखा. दुसऱ्याचे जाताना ७ तास ४० मिनिटे, येताना ९ तास ४० मिनिटे. कारण उंच आकाशातील पश्चिमी वारा. तिसऱ्याचे उत्तर सूर्य देईल.)

तो विद्यार्थी यंदा दहावीत आहे. त्याचे वडील अलीकडे पुन्हा सिंगापूरला जाऊन आले. या खेपेस त्याने तिकीट पाहिले, अंतर लिहिले, भागाकार केला आणि आजीला सांगितले, “तीन वाजून दहा मिनिटांनी उतरतील; फोन साडेतीनपर्यंत येईल; त्याआधी वाट पाहू नका.” फोन तीन वाजून बावीस मिनिटांनी आला. आजी तेव्हा जेवून निवांत निजल्या होत्या.